पोळी लहान करू की भाव वाढवू?

पत्र ठाण्याहून आलंय, चरईतून. चार पानी आहे म्हणून कापून देतेय, पण शब्द त्यांचेच.

"ताई, आमचं पोळीभाजी केंद्र आहे, सहा वर्षं झाली. मिस्टरांची कंपनी बंद पडली तेव्हा सुरू केलं. तेव्हा पोळी, दोन भाज्या, आमटी, भात आणि कोशिंबीर एवढंच होतं. आता बोर्डावर 31 आयटम आहेत, पनीर मसाला, शेजवान राईस, सगळं. रोज 400 च्या आसपास पोळ्या जातात, 10 रुपयाला एक. दोन वर्षांत भाव वाढवला नाही. लाटणाऱ्या मावशी पोळीमागे सव्वादोन रुपये घेतात आणि दिवाळीनंतर वाढवून मागणार आहेत. गॅस, भाडं तुम्हाला माहितीच आहे. मिस्टर म्हणाले भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल, त्यापेक्षा लाटी जरा लहान घेऊ. किलोच्या 40 पोळ्या व्हायच्या त्या 47 करतोय. आठ दिवस झाले. परवा रोजचे एक आजोबा पोळी हातात धरून म्हणाले, 'काय हो, पोळीचा उपास चालू आहे का?' मी हसले पण रात्री झोप लागली नाही. भाचा म्हणतो डिलिव्हरी ॲपवर जा, कमिशन 24 टक्के आहे पण ऑर्डरी दुप्पट होतील. मिस्टर म्हणतात सकाळी 7 ते रात्री 11 उघडं ठेवू. मंथली डबा घेणारे खाड्यांवरून भांडतात. घोडबंदरला एक गाळा पण बघून ठेवलाय. आणि खरं सांगायचं तर उरलेली भाजी कधीकधी दुसऱ्या दिवशी मिक्स व्हेजमध्ये जाते. काय करू तेच कळत नाहीये. कणकेत बुडालेली."

ताई, आधी एक सांगते. तुम्ही शेवटच्या ओळीआधी जे भाजीचं लिहिलंत ना ते लिहायला धाडस लागतं, बहुतेक लोक एवढं लिहीत नाहीत, म्हणून तुमच्याशी सरळ बोलते, राग मानू नका.

कालची भाजी आजच्या मिक्स व्हेजमध्ये घालणं आजपासून बंद. याला वही नको, विचार नको, मिस्टरांशी चर्चा पण नको. बाकीचं आपण निवांत बघू.

आता पोळी. मी तुमचेच आकडे घेऊन बसले होते. 400 पोळ्यांना किलोला 40 च्या हिशोबाने 10 किलो कणीक लागते, आणि 47 केल्या तर साडेआठ. म्हणजे दिवसाला दीड किलो कणीक वाचली. कणीक 45 रुपये किलो धरू, 67 रुपये झाले. बस, एवढेच. यासाठी आजोबांचं बोलणं ऐकलंत आणि झोप घालवलीत! कारण पोळीच्या भावात कणकेचा वाटा लहानच आहे हो, मोठ्या पोळीत सव्वा रुपयाची पण नाही, पैसा जातो तो लाटण्यात, गॅसमध्ये, भाड्यात, आणि मावशींचा दर पोळीवर आहे, लाटीच्या वजनावर नाही, त्यामुळे पोळी लहान करून त्यांचा खर्च एक पैसा पण कमी होत नाही. उलट घडीची पोळी आहे ना तुमची, तीन पदरी? लाटी लहान झाली की पदर नीट सुटत नाहीत, कडा कडक होते आणि तासाभरात तिचा पापड होतो. म्हणजे 67 रुपयांसाठी नुसतं माप गेलं नाही, पोळीच बिघडली.

तुम्हीच लिहिलंय की सहा पोळ्या आणि एक भाजी अशा 120 च्या गिऱ्हाईकामागे सगळं जाऊन 35-40 उरतात. म्हणजे रोजची दोन माणसं नाराज होऊन दुसरीकडे गेली की ते 67 रुपये गेलेच. आणि अशी माणसं सांगून जात नाहीत, ती फक्त यायची बंद होतात, आणि आपल्याला वाटतं गावाला गेली असतील.

याउलट पोळी 10 ची 11 केली तर 400 पोळ्यांचे रोज 400 रुपये. समजा थोडी गिऱ्हाइकी कमी झाली, 370 पोळ्या खपल्या, तरी तुम्ही पुढेच आहात, आणि मावशींना पोळीमागे पाव रुपया वाढवून दिला तरी हातात उरतं. हे गणित पाच मिनिटांचं होतं, पण तुम्ही दोघांनी ते केलं नाही, कारण भाव वाढवायचा म्हणजे समोर उभ्या माणसाला तोंडाने सांगायला लागतं आणि लाटी लहान करायला कोणालाच काही सांगायला लागत नाही. मिस्टरांना गिऱ्हाईक तुटायची भीती नव्हती, सांगायची लाज वाटत होती. मला माहितीये कारण मी पण तेच केलंय.

नेरुळला स्टेशनजवळ 17 वर्षं माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान होतं. एका वर्षी कागदाचे रिम महागले आणि रुपयाला कॉपी तशीच ठेवायची म्हणून मी 75 जीएसएमचा कागद बंद करून त्याहून पातळ आणला, गुपचूप. कोणाला कळतंय असं वाटलं. इंजिनिअरिंगची एक मुलगी बॅक टू बॅक नोट्स घेऊन गेली आणि दहा मिनिटांत परत आली, काउंटरवरच्या ट्यूबलाइटसमोर पान धरलं आणि म्हणाली, "काकू, दोन्ही पानं एकदमच वाचायची का?" मागच्या पानावरचे ग्राफ पुढच्या पानावर आरपार दिसत होते. मागे सात-आठ पोरं उभी, सगळी हसली. मी कागदाला, डीलरला, पावसाळ्याला, सगळ्यांना दोष दिला. दुसऱ्या दिवशी 75 चा कागद परत आणला, एक कॉपी सव्वा रुपया केली आणि ते लिहून मशीनच्या वरच चिकटवलं. कुरकुर झाली आठवडाभर, मग सगळे विसरले. पातळ कागद मात्र कोणी विसरलं नाही, दोन वर्षांनी पण एक जण विचारत होता, "आज कोणता कागद आहे?"

तेव्हापासून मी एकच परीक्षा लावते. आपण जे करणार आहोत ते पाटीवर लिहून दुकानात लावता येईल का? आपली मराठी दुकानं पाट्यांसाठी बदनाम आहेत, खवचट असतात, उद्धट पण असतात, पण एक आहे की जे आहे ते भिंतीवर असतं. "पोळी 1 तारखेपासून 11 रुपये, माप जुनंच" हे लिहिता येतं. "पोळी तेवढ्याच पैशात, पण लहान" हे लिहून बघा, हात थांबेल. "कालची भाजी आज मिक्स व्हेजमध्ये" लिहा बरं! जिथे हात थांबतो तिथे आपण निर्णय घेतलेला नसतो, काहीतरी लपवलेलं असतं. मोठ्या कंपन्या पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यात हेच करतात असं मिस्टर म्हणतील, तर त्यांना सांगा की पुड्यावर निदान वजन छापायची सक्ती आहे, घेणाऱ्याला चष्मा लावून वाचता तरी येतं. आपली पोळी सुटी, तिच्यावर काहीच छापलेलं नाही, आजोबांच्या हाताला जे कळतं तेच तिचं वजन.

आता या परीक्षेत एक खोट आहे, ती पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पाटी लावली की झालं. माझ्याच दुकानात "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी लाल अक्षरात होती, सगळ्यांच्याच असते म्हणून माझी पण. मग कोणीतरी सांगितलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खराब निघालेली वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे, बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवस धरतात. म्हणजे मी दोन दिवसांत मोडलेल्या कंपासपेटीवरून पोरांशी वाद घालत होते तो चक्क चुकीचा होता. काढली पाटी. म्हणून लिहिता येतंय एवढ्यावर थांबू नका, ती पाटी समोरच्याच्या जागी उभं राहून एकदा वाचा.

हे खाड्यांच्या बाबतीत तंतोतंत लागू होतं. भाचा तुम्हाला "पैसे परत नाहीत" असा बोर्ड लावायला सांगणार, मला खात्री आहे. नका लावू. मंथली डबा घेणारा माणूस कोण आहे ते बघा, एकटा राहणारा पोरगा, शनिवारी-रविवारी गावाला जाणारा, किंवा मुलं परदेशात असलेलं म्हातारं जोडपं, जे मधेच आठ दिवस लेकीकडे जातं. त्यांचा खाडा खरा असतो. पण तुमची भाजी पण सकाळी चिरून झालेली असते, दुपारी 12 ला "आज नको" असा मेसेज आला तर तुम्ही काय करणार? म्हणून वेळ ठरवा, आदल्या रात्री 9 पर्यंत कळवलं तर खाडा धरणार, त्यानंतर नाही, महिन्याला 4 खाडे, सलग आठवडाभर बाहेर असाल तर आधी सांगा, पैसे पुढच्या महिन्यात वळते. हे तीन ओळीत लिहून प्रत्येकाला व्हॉट्सॲप करा. आज काय होतं की जो मोठ्याने भांडतो त्याचा खाडा धरला जातो आणि जो गप्प बसतो त्याचा बुडतो, बरोबर ना? तुमच्या पत्रात तसंच दिसतंय. म्हणजे चांगल्या गिऱ्हाईकाकडून घेऊन भांडकुदळाला देणं चाललंय.

मेनूबद्दल. 31 आयटम तुम्ही ठरवून केले नाहीत. एकाने विचारलं पनीर आहे का, तुम्ही दुसऱ्या दिवशी केलं. दुसऱ्याच्या मुलाला शेजवान हवा होता, केला. समोर चायनीजची गाडी आली, घाबरून मंचुरियन पण. असं करत करत बोर्ड भरला, आणि आता रोज काहीतरी उरतं, आणि उरतं म्हणून ते मिक्स व्हेजमध्ये जातं. दिसतंय ना तुम्हाला, ती भाजीची गोष्ट कुठून सुरू झाली? तुम्ही काही वाईट बाई नाही आहात, तुमचा बोर्ड लांब आहे.

14 दिवस एक वही ठेवा गल्ल्याशेजारी. प्रत्येक आयटम किती केला, किती गेला, किती टाकला, आणि कोणी काय मागितलं जे नव्हतं. पण मागितलं म्हणजे लगेच करायचं नाही, नुसतं लिहायचं. आणि शेजारी एक खूण करा की घेणारा रोजचा होता की वाटेवरचा. माझा अंदाज आहे, चुकला तर मला लिहून कळवा, की तुमच्या संध्याकाळच्या 7 ते 9 च्या गर्दीत स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावरून उतरून चालत येणारी, पाठीवर सॅक असलेली, घरी जाऊन फक्त भात लावणार असलेली माणसं जास्त निघतील, आणि त्यांना पोळ्या, एक पालेभाजी, एक उसळ आणि पाच मिनिटांत मोकळं होणं एवढंच हवं असतं. ती मागे रांगेत उभी असतात आणि पुढे एक जण शेजवान राईस परतून होईपर्यंत थांबलेला असतो. त्या एका राईसच्या नादात रांगेतली चार माणसं तुम्ही रोज ताटकळत ठेवता. तुम्ही ठाण्यातल्या आहात, मामलेदार मिसळीला कितीदा गेला असाल, तिथे आत जाऊन कोणी पनीर चिली मागतं का? मिसळ हवी, किती तिखट ते सांगायचं, बसायचं. तुमचा बोर्ड 10-12 आयटमवर आला तरी खूप आहे, आणि वारांप्रमाणे भाज्या लावल्यात तर लोक कॅलेंडर पाठ करतात, बुधवार आहे म्हणजे भरली वांगी.

तरीही काही ना काही उरणारच. मग सव्वानऊ वाजता जे असेल ते अर्ध्या भावात, उघड. फक्त हे रोज मिळेलच असं वचन देऊ नका, नाहीतर निम्मी चरई सव्वानऊपर्यंत कठड्यावर बसून राहील.

ॲप. नाही म्हणत नाहीये मी, पण भाच्याने कमिशनपुढे एक गोष्ट सांगितली नाही. 120 च्या ऑर्डरवर 24 टक्के म्हणजे 28 रुपये 80 पैसे, त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 34 गेले. डबा आणि पिशवी 6. झाले 40. तुमचे उरणारे 35-40 होते. म्हणजे दुप्पट ऑर्डरी आल्या तर तुम्ही दुप्पट दमाल, एवढाच फायदा. ॲपवर भाव जास्त ठेवायचा असेल तर ठेवा, पण मग काउंटरवर पण लिहा की दुकानात येऊन घेतलं तर स्वस्त पडेल, हे पाटीवर लिहिण्यासारखं आहे, यात लाज नाही. पण त्याआधी एक करा. एका संध्याकाळी सात वाजता चार पोळ्या आणि भाजी त्याच प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करा, रिक्षात बसा, कासारवडवलीपर्यंत जा, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये जो काही वेळ लागायचा तो लागू दे, आणि मग डबा उघडून स्वतः खा. वाफ धरून पोळी लिबलिबीत झालेली असेल, खालची तर डब्याला चिकटलेली. तिथला माणूस तुम्हाला ओळखत नाही, त्याला वाटेल ठाण्याच्या त्या बाईंच्या पोळ्या अशाच असतात. तुम्हाला ॲपवर जायचंच असेल तर जवळच्या दोन-तीन किलोमीटरपुरतं, पोळ्या बटर पेपरमध्ये थोड्या निववून गुंडाळून, एक महिना करून बघा, आणि महिन्यानंतरची तारीख आत्ताच लिहून ठेवा की या दिवशी हिशोब करून ठेवायचं की काढायचं. तारीख नसली की अशा गोष्टी वर्षानुवर्षं अंगाला चिकटून राहतात.

वेळेचं मिस्टरांना सांगा, 7 ते 11 म्हणजे 16 तास, आणि ते 16 तास कोण उभं राहणार आहे? पत्रात तसं लिहिलेलं नाही पण मला माहितीये कोण. पुण्यात चितळ्यांचं दुकान दुपारी 1 ते 4 बंद असायचं, यावर अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले, आणि विनोद करणारेच चार वाजता बाकरवडीच्या रांगेत उभे. 2017 मध्ये त्यांनी दुपारी पण उघडं ठेवायला सुरुवात केली तर त्याची बातमी झाली! दुपारी दुकान बंद ठेवता हा प्रॉब्लेम नसतो, लोकांना नेमकं काय ते माहिती असलं की झालं. तुमचं कधी 10 ला उघडतं, कधी साडेदहाला, कधी सोमवारी चालू, कधी बंद, त्याचा त्रास जास्त. साडेदहा ते दोन आणि सहा ते साडेनऊ ठेवा, सोमवार बंद, पण मग साडेदहा म्हणजे साडेदहा.

घोडबंदरचा गाळा: आत्ता नाही. मेनू चुकला तर उद्या बदलता येतो, गाळ्याचं डिपॉझिट आणि लॉक-इन पिरियड उद्या बदलत नाही. पुढच्या वर्षी बोलू.

आणि एक. तुमचे आत्तापर्यंतचे सगळे निर्णय काउंटरवर, गर्दीत, कोणीतरी काहीतरी बोलल्यावर झालेत असं मला पत्र वाचून वाटलं, मिस्टरांनी लाटी लहान करायचं पण रात्री साडेआठला गल्ल्यावर ठरवलं असं तुम्हीच लिहिलंय. संध्याकाळी 7 ते 9 मध्ये काहीही ठरवायचं नाही असा घरात नियम करा. सोमवारी दुपारी, दोघांनी चहा घेऊन, वही समोर ठेवून बसायचं, मोबाईल आत. एक गोष्ट ठरवायची, कोणत्या गिऱ्हाईकासाठी करतोय त्याचं वर्णन लिहायचं, "नऊ वाजता येणारा सॅकवाला" असं लिहिलं तरी चालेल, आणि कधी तपासायचं ते. बास. आठवड्याला एकच. भाच्याला बोलवा हवं तर, पण त्याला आधी दोन संध्याकाळी पोळ्या मोजायला बसवा.

भाववाढीची पाटी निदान दहा दिवस आधी लावा, आणि रोजच्या माणसांना पाटी वाचायला लावू नका, तोंडाने सांगा. लाटी उद्यापासूनच जुन्या मापाची, भाव 1 तारखेपासून. मधले दिवस तोट्यातले आहेत, ते त्या आठ दिवसांच्या बदल्यात द्या. आजोबा आले की त्यांच्या हातात पोळी द्या आणि सांगा उपास सुटला. ते बहुतेक पाटी पण वाचतील, तेव्हा "पोळी"मधला ळी दीर्घ आहे ना ते नीट बघून घ्या, चरईत आहात, नाहीतर सकाळपर्यंत कोणीतरी खडूने दुरुस्त करून गेलेलं असेल.